गडग्यापलीकडचं स्टेशन

रत्नागिरीत इंटरनेट कुणी आणलं याबद्दल सरकारदरबारी काहीही लिहिलेलं असो, माझ्या मते ते आमच्या गडग्यापलीकडच्या चाचांनी एकट्याने आणलं, आणि आणल्यानंतर ते जितका वेळ बंद राहिलं त्यातला निम्मा वेळही त्यांच्याच कृपेने बंद राहिलं. चाचा आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या आवारांच्या मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता, त्या गडग्यावर ओणवं झालेलं एक रामफळाचं झाड होतं, आणि त्या झाडाच्या फांद्यांमधून एक निळी वायर आमच्या खिडकीत उतरत होती. त्या वायरीतून जे काही येई त्याला आम्ही इंटरनेट म्हणत असू. मी तेव्हा मिरजोळ्याला, आमरस डबाबंद करून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघत होते. कारखान्यातली लाईन रुसली की ती कागदपत्रं घरून पाठवायची पाळी माझ्यावर येई. म्हणजे माझ्या नोकरीचा एक पाय कायम त्या रामफळावर असायचा.

चाचांनी उभी हयात जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन, हाताखाली मोर्सची कळ आणि चहूकडे पाणी. शतक संपायच्या सुमाराला जहाजांवरचं मोर्स बंद झालं, उपग्रह आले, आणि चाचांची नोकरीच नव्हे तर ती जागाच जगातून नाहीशी झाली. दुसरा एखादा खचला असता. चाचा एक लोखंडी पेटी आणि एक पितळी घड्याळ घेऊन घरी आले आणि त्यांनी घराचंच जहाज करून टाकलं. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत, पुढच्या पडवीला ब्रिज, आणि चाचीला कॅप्टन. हे शेवटचं त्यांनी चाचीला कधी तोंडावर सांगितलं नाही, पण चाचीला ते लग्नापासून माहीत होतं.

जहाजावरून त्यांनी आणखी एक सवय आणली होती, ती म्हणजे पोच. त्यांचं म्हणणं असं की बोललेली गोष्ट पोचली की नाही हे बोलणाऱ्याला कळल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. म्हणून त्यांना कुणी काही सांगितलं की ते समोर असेल त्या वस्तूवर बोटाने एक ठोका देत, मग नखाने एक लांब ओरखडा ओढत, आणि मग परत एक ठोका. टक्, खर्र, टक्. मोर्समध्ये याचा अर्थ 'मिळालं'. त्यांची एकुलती एक मुलगी रुबिना लहान असताना, ते सुट्टीवर आले की जेवताना तिला हे शिकवत. 'रुबिना, पाणी आण' म्हटलं की ती ताटलीच्या काठावर टक्, खर्र, टक् करायची आणि मगच उठायची. इतरांना मात्र ही भाषा येत नसे. एकदा मासळीवाल्या बाईने दारातून 'सुरमय हाय, घेताव काय?' म्हणून हाक मारली. चाची मागीलदारी होती. चाचांनी आतल्या आत टेबलावर रीतसर पोच दिली. बाई थोडी थांबली आणि गिऱ्हाईक नाही असं समजून निघून गेली. दुपारी पानात नुसती डाळ पडल्यावर चाचा म्हणाले, 'मी तं पोच दिली होती.' चाचीने त्या वाक्याची पोच दिली नाही.

सुरुवातीला त्यांच्याकडे टेलिफोनच्या तारेवर किंचाळणारा तो जुना मोडेम होता. तो जोडणी करताना जे केकाटायचा ते आम्हाला ऐकवत नसे, चाचा मात्र डोळे मिटून ऐकायचे आणि 'आज एक्स्चेंजवाला झोपेत हाय' असा निकाल द्यायचे. पुढे ब्रॉडबँड आलं. त्यांनी अर्ज केला तेव्हा 'पोर्ट शिल्लक नाही' असं उत्तर मिळालं. हे उत्तर त्या दिवसांत सगळ्या गावाला मिळत होतं, मलाही मिळालं होतं. लोक चिडत, ओळखी काढत, साहेबाकडे आंब्याची पेटी पाठवावी काय याचा विचार करत. चाचांना ते उत्तर मनापासून पटलं. 'पोर्ट नाय म्हंजे बर्थ नाय, धक्क्याला जागा नाय,' ते मला म्हणाले. 'मग बाहेर नांगर टाकून थांबायचं. त्यात काय?' आणि ते खरोखरच थांबले. संगणक आणून मांडला, त्यावर चाचीने विणलेला रुमाल घातला. रोज सकाळी रुमाल काढून संगणक पुसायचा आणि पुन्हा झाकायचा. एक पावसाळा गेला, आंबा मोहरला, आणि मग गावात कुणीतरी आपलं कनेक्शन सोडलं तेव्हा चाचा धक्क्याला लागले. राउटरचा पांढरा डबा घरात आला त्या दिवशी त्यांनी गल्लीत खजूर वाटला. 'बाय, एका बर्थला दोन होडक्या लागतात,' असं म्हणून निळी वायर त्यांनीच रामफळावरून आमच्याकडे टाकली.

त्या डब्यावर चार हिरवे दिवे होते, आणि ते चारही एकाच वेळी लागलेले मी क्वचितच पाहिले. खारा वारा तारेच्या सांध्यांना खाई, रस्त्याकडेच्या पेटीत पाणी शिरे, वीज कडाडली की गल्लीतले सगळे लोक धावत जाऊन वायरी उपटत. पण ही कारणं चाचांना फार साधी वाटत. त्यांच्या मते ओहोटीला लाईन हलकी चालते आणि भरतीला जड होते. ऐन ओहोटीत बंद पडलेलं नेट मी त्यांना दाखवलं, तर म्हणाले, 'आज अमावास्या ना, बाय.' डब्याला चांगला सिग्नल कुठे मिळतो हे शोधण्यासाठी त्यांनी तो कपाटावर ठेवला, खिडकीत ठेवला, तांदळाच्या डब्यावर ठेवला, आणि एकदा तर आंबे उतरवायच्या झेल्यात घालून रामफळाच्या फांदीला टांगला. तिथे त्यात लाल मुंग्या शिरल्या. गंमत म्हणजे त्यानंतर दोन दिवस नेट झकास चाललं, आणि चाचा 'नवीन क्रू चढलाय' असं येईल-जाईल त्याला सांगत राहिले. तक्रार करायला ते एक्स्चेंजला फोन लावत तोही असा: 'गडग्यापलीकडचं स्टेशन बोलतंय. सकाळपासून सिग्नल क्षीण हाय. पोच द्या.' तिथली मुलगी सुरुवातीला फोन आपटायची. पुढे पुढे तीच म्हणू लागली, 'पोचलं चाचा, पोचलं. जेवलात काय?'

हे सगळं मी हसून सोसत होते. सोसवत नव्हती ती त्यांची शांतता. त्या पितळी घड्याळाच्या तबकडीवर तांबड्या रंगाच्या दोन फाकी रंगवलेल्या होत्या, दर अर्ध्या तासाला तीन मिनिटांची एक. जहाजावर काटा त्या फाकीत शिरला की समुद्रावरच्या सगळ्या रेडिओवाल्यांनी आपलं पाठवणं थांबवायचं आणि फक्त कान द्यायचा, कुणी संकटात असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. जहाजांवरचा हा नियम मोर्सबरोबर गेला. चाचांनी तो घरी चालू ठेवला. काटा तांबड्यात गेला की ते माऊसवरचा हात उचलत, चाची भांडी घासायची थांबे, आणि आमची निळी वायर उपटली जाई. मग तीन मिनिटं चाचा त्या डब्यासमोर मान कलती करून बसत.

एका मे महिन्यात माल मुंबईहून सुटायच्या बेतात होता आणि गिऱ्हाइकाला कागदपत्रं पाठवायची होती. फाईल मुंगीच्या पावलांनी चढत होती, चढत चढत अगदी टोकाला आली, आणि काटा तांबड्यात गेला. मी तशीच गडग्यापाशी गेले आणि नको ते बोलले. माझी नोकरी, माझा साहेब, तुमचा खुळा नियम, सगळं बोलले. चाचा काटा बाहेर येईपर्यंत गप्प राहिले. मग वायर जोडली आणि गडग्यावर कोपर टेकून म्हणाले, 'एकदा बंगालच्या बाजूला होतो. तांबड्यात सगळे गप झाले आणि एका बारक्या जहाजाची हाक आली. इतकी बारीक, बाय, की बाजूला कोणी चमचा हलवला असता तरी गेली असती.'

'माणसं वाचली?' मी विचारलं.

'सगळी.'

'पण इथे आपल्या आळीत कोण बुडतंय, चाचा?'

'तेच तं ऐकायचं हाय,' ते म्हणाले.

मी परत जाऊन ती फाईल पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतली. पण त्यानंतर हळूहळू त्या मिनिटांची मला सवय झाली, आणि मग गोडी लागली. वायर मेली की मी खुर्चीतच मागे रेलायचे. संगणकाच्या भुणभुणीखाली दिवसभर दडलेले आवाज एकेक करून वर यायचे. झावळ्यांची सळसळ, कुणाच्या तरी विहिरीवरचा रहाट, आणि सगळ्यांच्या तळाशी समुद्र, जो आमच्या घरापासून चांगला लांब आहे आणि एरवी कधी ऐकू येत नाही. त्या अर्धवट झोपेत मला वाटायचं, की आपलं घर गडग्यापासून सुटलं आहे आणि अगदी सावकाश कुठेतरी चाललं आहे. पलीकडे चाचा जागे आहेत, तेव्हा काळजीचं कारण नाही. मग निळ्या वायरीत जीव यायचा आणि साहेबांची पत्रं धडाधड येऊन पडायची.

रुबिना लग्न होऊन कुवेतला गेली होती. तिला दिवस गेले तेव्हापासून चाचांचा जीव एका गोष्टीत अडकला. मुसलमान घरात मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात हलक्या आवाजात अजान देतात. रुबिना जन्मली तेव्हा चाचा दूर कुठल्याशा समुद्रात होते. तिच्या कानात अजान शेजारच्या कुणा म्हाताऱ्याने दिली, आणि मुलगी झाल्याचं पत्र चाचांना कुठल्याशा बंदरात मिळालं तोवर ती हसायलासुद्धा लागली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, वायर जोडता जोडता, माझ्याकडे न बघता. 'सगळ्या दुनियेचं ऐकत बसलो, आणि माझ्या पोरीच्या कानात पयला आवाज माझा नाय.' नातवंडाला तरी तो आपणच द्यायचा असं त्यांनी ठरवलं. जावईही भला माणूस, तो म्हणाला, बाळाचे नाना, म्हणजे आजोबा, येईपर्यंत अजानसाठी थांबतो. तिकिटं काढून झाली आणि मूल महिनाभर आधी आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या, आणि नाना रत्नागिरीत.

चाचा मशिदीत जाऊन मौलवीसाहेबांना विचारून आले, की अजान तारेतून पाठवली तर चालेल काय. मौलवीसाहेब हसले आणि म्हणाले, 'बाळाच्या कानात पोचली तर झाली.' हे वाक्य घेऊन चाचा घरी आले ते फिकट होऊन. पोचली तर. फोन का नाही करत, असं चाचीने विचारलं. पण फोनवर उजवा कान कुठला ते दिसत नाही. चाचांना ती कानाशी तोंड नेऊन, बघत बघत द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी रुबिना बाळाला घेऊन इस्पितळातून तिच्या कुवेतच्या घरी येणार होती. चाचांनी दुपारची भारनियमनाची वेळ निवडली. त्या वेळी आळीतले सगळे संगणक बंद, तेव्हा लाईन मोकळी. आपला डबा त्यांनी होडीच्या बॅटरीवर घेतला आणि संगणक इन्व्हर्टरवर. कॅमेरा चालू करून द्यायला मला बोलावलं होतं. मी आमची निळी वायर स्वतःच काढून गेले. पंखे थांबलेले, आळी चिडीचूप, आणि डब्यावर चारही दिवे हिरवे. पडद्यावर रुबिना आली, थकलेली आणि सुंदर. जावयाने बाळाला कॅमेऱ्याजवळ धरलं. कान पुढे आला, एवढासा, गुलाबी, आणि त्याच क्षणी चित्र गोठलं.

आम्ही थांबलो. चित्र हलेना. शेवटचा दिवा लुकलुकत होता. चाचांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पुढे वाकले, पडद्यावरच्या त्या न हलणाऱ्या कानाजवळ तोंड नेलं आणि अजान द्यायला लागले. त्यांचा आवाज इतका मऊ असू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी त्या डब्याकडे बघत होते. मला तो आवाज वायरीतून जाताना दिसत होता. रामफळाखालून, रस्त्याकडेच्या गंजक्या पेटीतून, एक्स्चेंजातून, दीपस्तंभावरून समुद्रात उतरून, चाचा ज्या पाण्यावरून आयुष्यभर गेले त्याच पाण्याखालून. मनात मी त्याला सारखी म्हणत होते, जा, नीट जा.

अजान संपली. स्पीकरमधून रुबिनाच्या आवाजाचे तुकडे आले, 'अ... ब्बा... न...' आणि मग काहीच नाही. पोचली की नाही? चाची डोळे पुसत 'मी फोन लावतंय' म्हणून उठली. चाचांनी हात वर केला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. काटा तांबड्यात शिरला होता. चाची उभी होती तशीच राहिली. इतकी वर्षं मी त्या शांततेत बसत आले, पण ती खरी कशी असते ते मला त्या दुपारी कळलं. रहाट नाही, झावळ नाही, समुद्रसुद्धा नाही. चाचा मान कलती करून बसले होते.

आणि स्पीकरमधून आलं, बारीक पण स्वच्छ. टक्, खर्र, टक्.

रुबिनाने तिकडे माईकवर नख ओढलं होतं. मला रडू आवरेना, चाची तर भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होती. चाचांनी काटा बाहेर येईपर्यंत काही हालचाल केली नाही. मग टेबलावर एक ठोका, एक ओरखडा, एक ठोका दिला आणि म्हणाले, 'कॅप्टन, चाय टाका.' चाचीने हे 'कॅप्टन' ऐकलं आणि चहा टाकला.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी गुडघेदुखीमुळे चाचीला एकटीने घर ओढवेना, तेव्हा दोघं रुबिनाकडे राहायला गेली. मला माझं स्वतःचं पोर्ट मिळालं, आणि कुणी न सांगता ते दिवसभर चालू राहू लागलं. रामफळावरची निळी वायर मी काढली नाही. एका दुपारी फोन वाजला. रुबिना होती. म्हणाली, 'वैनी, अब्बा गेले. सकाळी. झोपेतच.' मला काहीतरी बोलायला हवं होतं, अशा वेळी बोलतात तसं. पलीकडे ती थांबली होती. मग माझं बोट आपोआप रिसिव्हरवर गेलं. मी एक ठोका दिला, नखाने एक लांब ओरखडा ओढला, आणि पुन्हा एक ठोका दिला.