गळ्यावरची रेघ

गळा पाहिल्याशिवाय गार्डमामा कुणाचं नाव घेत नसत. म्हणजे पक्ष्याचं. माणसांना ते सरसकट 'रे' म्हणत. त्यात कॉलेजात शिकणारा मीही आलो.

मामा बोरीवलीच्या जंगलात फॉरेस्ट गार्ड होते, मूळचे मालवणकडचे. माझे वडील गिरणीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे. मामांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरा झाला. तो समोर बसलो हा, तो शिक्रो काय बेसरो?"

मी पुस्तक उघडलं. शिक्रा आणि बेसरा, दोन्ही शिकारी पक्षी, पारव्याएवढे, पाठ राखाडी, छातीवर तांबूस पट्टे, दोन्ही सरड्या-चिमण्यांचे वैरी. फरकाला दीड पान दिलं होतं. पान उलटेपर्यंत पक्षी उडाला.

"शिक्र्याच्या गळ्यार रेघ केसासारखी," मामा म्हणाले, "बेसऱ्याच्या कोळशान वढल्यासारखी. शिक्रो उघड्यार येता, बेसरो दाट रान सोडणा नाय. पण जागा बघून नाव घेवचा नाय. आधी गळो."

तीन वर्षं दर रविवारी मी गळे पाहिले. शेवटच्या वर्षी मामाच विचारू लागले, "रेघ कशी रे?" मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मी ऐटीत उत्तर देई.

मग नवे रेंजरसाहेब आले. गार्डला दिसत नाही, अशी कुणीतरी चुगली केली होती. नोकरी गेली की राहायची खोलीही जाणार होती. साहेबांनी निष्पर्ण सावरीच्या शेंड्याकडे बोट केलं. "तो कोण?"

मामा बराच वेळ वर बघत राहिले. मी मागून पुटपुटलो, "बारीक." मामांचे कान उत्तम होते.

"साहेबांनू," ते म्हणाले, "माका गळो दिसणा नाय."

परतताना मी भडकलो. "मामा, उघड्यावर बसला होता. वर मी रेघ सांगितली. शिक्राच ना तो?"

"शिक्रोच."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बघलंय खंय?"

माझा रिझल्ट लागला त्याच आठवड्यात मामा खोली सोडून कायमचे गावी निघाले. बी.एस्सी.च्या फोटोसाठी मित्राचा काळा टाय बांधला होता. तसाच पाया पडायला गेलो. मामा ट्रंकेवर बसले होते.

"गळ्यात काय घातलंस रे?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. बोटं गाठीपासून पोटापर्यंत सावकाश फिरवली.

"जाडी हा," ते म्हणाले. "बेसरो."