भुऱ्याला उड्या मी मारायला लावल्या

भुऱ्या, कुत्र्याचं पिल्लू, पुढचा उजवा पाय टेकेना. डॉक्टर साहेब उकिडवे बसून सांधा चाचपत होते. मी औषधांची पेटी धरून मागे उभा होतो.

ही गोष्ट चुडाव्याजवळच्या माळावरची. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी गुरांच्या दवाखान्यात टेम्पररी ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारा. पिल्लू धोंडाबाई धनगरणीचं. नवऱ्यामागे मेंढरं तीच राखायची. त्या साली लांडगे फार झाले होते आणि म्हातारं कुत्रं नुकतंच मेलेलं. सगळी भिस्त भुऱ्या आणि कोळशा या दोन भावांवर. वय सात महिने, पण उंचीनं वासराएवढे.

महिन्यापूर्वी मेंढरांना लस टोचायला गेलो, तेव्हा मी कुणी न विचारता सल्ला दिला होता. रात्री मेंढरं बसवली की भोवती कमरेएवढी जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. लांडगा आला की कुत्र्यानं ती ओलांडून त्याच्यावर जायचं. मी म्हणालो, पिल्लं एवढी दांडगी झालीत, त्यांना रोज वीस उड्या मारायला लावा, हाड बळकट होईल.

"हाड वलं हाय आजून, सायब. दीड वरीस तरी सरू द्या," धोंडाबाई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

आता साहेबांनी मान वर करून विचारलं, "याला उड्या कुणी मारायला लावल्या?"

माझी नोकरी महिन्या-महिन्यानं वाढायची. मी पेटीतल्या बाटल्या सारख्या करू लागलो. धोंडाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"म्याच, सायब. आडानी मानूस."

साहेबांनी तिला चांगलंच झापलं. मग समजावलं. हाड वाढतं ते टोकाशी. मोठ्या चणीच्या कुत्र्यात ही टोकं दीड वर्षापर्यंत कच्ची असतात. लहान चणीचं कुत्रं लवकर पक्कं होतं. वजन दांडगं, हाड कच्चं, उडीचा दणका नेमका तिथंच बसतो. एक्स-रे तेव्हा कुठला. सगळं हातानं चाचपूनच. मला म्हणाले, लिहून घे. मी रजिस्टरात लिहिलं: मालकाची हयगय.

साहेब पुढे गेल्यावर मी तिला विचारलं, कोळशा कसा धड राहिला?

"सरकारी मानसाचा शबूद मोडता येईना, आन् दोनी पिल्लं बी तुमच्या हवाली करता येईनात. एक तुमच्या हुकमात ठिवलं, एक माज्या."

पुढे दर सुट्टीला मी सायकलनं माळावर जायचो. भुऱ्याला दीड महिना बांधून ठेवलं. मग सपाट रानात दोरीनं थोडं थोडं चालवलं. तो बांधलेला असतानाच लांडग्यानं दोन कोकरं नेली. धोंडाबाई मला काही बोलली नाही. चहा मात्र पुढचे काही आठवडे मिळाला नाही.

दीड वर्ष भरल्यावर साहेबांनी दोघांचे पाय चाचपले आणि उडीला परवानगी दिली. आधी गुडघ्याएवढी आडवी काठी, मग हळूहळू वर. कोळशा महिन्याभरात वाघर ओलांडू लागला. भुऱ्याचं लंगडणं गेलं, पळायलाही तो तयार झाला, पण पाय किंचित वाकडा राहिला. वाघर त्याला कधी जमली नाही. धोंडाबाईनं त्यावर सोपा उपाय काढला. त्याला जाळीच्या बाहेरच झोपवायला लागली. त्या हिवाळ्यात तिचं एकही कोकरू गेलं नाही.

उंची बघून पिल्लू तयार झालं असं धरू नये. दांडग्या जातीला दीड वर्षाआधी उडी नको. हे मी पुढे नोकरीभर लोकांना सांगितलं, साहेबांचं नाव घेऊन. त्यांच्याआधी ते धोंडाबाईनं सांगितलं होतं. आणि हयगय माझी होती.