तानूमामाची पाखाडी

तानूमामा कुणाला 'कसा हायस' असं विचारायचे नाय. वाडीतल्या दगडी पाखाडीच्या वरच्या पायरीकडं बोट दाखवायचे. "जा वर, नि उतर बघू." आपण उतरायचं, ते खाली चौथऱ्यावर बसून आपले पाय बघायचे. म्हणायचे, "चढताना सगळेच मर्द रे. उतरताना गुडघा खरं बोलतो." त्यांचा स्वतःचा डावा गुडघा वाकतच नव्हता.

आमची वरची वाडी नि खालची वाडी, दोघींचा शिमग्यानंतर कबड्डीचा सामना. एरवी आम्ही एकमेकांच्या लग्नात वाढपी, पण त्या आठवड्यात खालच्या वाडीच्या गिरणीवर दळणसुद्धा नेत नाय. त्यात लागोपाठ तीन सालं आम्ही हरलेलो.

संघ मामाच निवडायचे. त्या साली आमचे खेळाडू नऊ. एकाचा खांदा निखळला. दुसऱ्याला बिरवाडीला कंपनीत पाळी बदलून मिळेना. उरले सात, नि खेळायला लागतात सातच. राखीव म्हणून वहीत माझं नाव घातलं, ओळ रिकामी वाईट दिसते म्हणून. मला वाचता येत नाय, त्यामुळं हे मला शेवटी कळलं.

सगळी भिस्त संत्यावर. आमचा रेडर तो, मुंबईत पार्सलं पोचवायचा. सामन्याच्या सकाळी वीर स्टेशनला उतरला, मी माझी रिक्षा घेऊन गेलो. बसताना त्यानं दात आवळले. पँट वर केली तर गुडघा नारळाएवढा.

"मामांना सांगू नको रे," म्हणाला.

मी पडलो हुशार. दासगावला पट्टी घेतली, गच्च बांधली, वर ढगळ पँट. "शिट्टी वाजवत उतर, कोणाला कळायचं नाय," असं वर शिकवलं.

मामा बसलेलेच. वाडी गोळा झालेली. संत्या हरणासारखा चढला. उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय आडवा टाकला.

"पट्टी कोणी बांधली?" मामांनी विचारलं.

सगळी वाडी माझ्याकडं वळली. शिट्टी मीच वाजवत होतो.

"आजच्या दिस, मामा," संत्या म्हणाला. "खालची वाडी तोंडावर थुकंल."

"थुकी पुसता येते. उद्या मुंबईचे जिने कोण चढनार, हा?" मामांनी माझ्याकडं हात केला.

"तुमी पन खेळलाच व्हता ना, असाच गुडघा घेऊन?" संत्या म्हणाला.

मामांनी आपल्या गुडघ्यावर बोटं वाजवली. "म्हनून तर हितं बसून हाय."

"मग सातवा कोन?" कोणीतरी विचारलं. सगळे परत माझ्याकडं वळले.

पहिल्याच चढाईत मी बाद झालो. तरी आमची पोरं भिडली, शेवटच्या मिनिटाला बरोबरी झाली. मी पकड करायला झेप घेतली नि स्वतःच रेषेबाहेर जाऊन पडलो. एका गुणानं हरलो. तो गुण माझाच. वाडी मामांशी आठ दिवस बोलली नाय. माझ्याशी बोलायची, पण नसती बोलली तर बरं झालं असतं.

मामा यंदा गेले. मसण नदीकाठी, पाखाडी उतरूनच जायचं. पुढचा खांदा संत्याचा, मागचा माझा. उतरणीला सगळा भार पुढच्यावर येतो. मी पायरी बघायची सोडून संत्याचा गुडघा बघत होतो. नीट वाकत होता, नीट उठत होता.

शेवटच्या पायरीवर पाय आडवा पडला तो माझाच. सवयीनं मी चौथऱ्याकडं बघितलं.