काळा कागद चार हात कमी पडला

२०१९ साल. मी बासष्ट वर्षांचा. कामशेतपासून पवनेच्या बाजूला जर्बेरा फुलांचं एक पॉलिहाऊस होतं, तिथं मी मुकादम. शिक्षण तिसरी. पण माती मला कुणी शिकवावी, हे खपायचं नाही.

आमच्या मातीत मर होती. मर म्हणजे मुळं कुजतात, उभं रोप दोन दिवसांत मान टाकतं. शेठनी देहूरोडची एक मुलगी सुपरवायझर ठेवली. शेतीची पदवी, पहिलीच नोकरी. "पीक उभं राहिलं तर तुम्ही कायम," एवढंच शेठ बोलले.

एप्रिलात तिने मातीचे बेड, म्हणजे लांब उंच वाफे, भिजवले. वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडल्या.

"आबा, सहा आठवडे हे हलवायचं नाही. ऊन यातून थेट मातीत जातं. ओलीमुळे ऊब खाली उतरते. रोगाचे जंतू तिथंच मरतात."

मी म्हणालो, "मॅडम, आमी भाताचा राब भाजतो. शेणी-पाला पेटवून जमीन तापवतो. तापतं ते काळं. हितं काळा कागुद पायजे."

"काळा स्वतः तापतो, आबा. मातीला फार थोडं देतो."

कामावरच्या बाया हसल्या. एक म्हणाली, "आबा, तुमची शाळा भरली बगा!"

ते मला लागलं.

आठवड्यात तिचे वडील आजारी पडले. ती महिनाभर रजेवर गेली. तिसऱ्या दिवशी मी तिचं प्लास्टिक काढलं आणि शेडमधला काळ्या प्लास्टिक-कागदाचा रोल अंथरला. शेवटच्या बेडावर तो चार हात कमी पडला. तेवढ्यावर तिचंच राहू दिलं. दुपारी काळ्यावर हात ठेवला तर चटका बसला.

"याला म्हणत्यात तापणं," मी बायांना ऐकवलं. खाली मातीत हात घालून काही पाहिलं नाही. ती यायच्या आदल्या दिवशी काळा कागद गुंडाळून शेडमध्ये ठेवला आणि तिचं प्लास्टिक होतं तसं ताणून कडा गाडल्या.

जूनमध्ये रोपं लावली. ऑगस्टात माना टाकायला लागली. बेडामागून बेड गेला. शेवटच्या बेडाचा चार हात तुकडा तेवढा हिरवागार.

शेठ तिच्यावर ओरडले, "तुमच्या उन्हानं माझं पीक बुडवलं!"

ती माझ्याकडे वळली. "आबा, प्लास्टिक कुणी हलवलं नव्हतं ना?"

"न्हाई."

बाया माझ्याच वाडीच्या. सगळ्या खाली वाकून मेलेली रोपं उपटायला लागल्या.

"मग एवढीच रोपं कशी उभी?"

"जागेचा गुण असतो, मॅडम."

तिने त्या तुकड्यातली माती मुठीत घेऊन पाहिली. संध्याकाळी शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "येते, आबा," म्हणाली आणि लोकल धरायला स्टेशनाकडे गेली. परत दिसली नाही.

आता कुणी माती तापवायचं विचारलं, तर मी सांगतो, पारदर्शक घ्या, माती ओली ठेवा, आणि हात कागदावर ठेवू नका, कागदाखाली घाला. माझं ऐकतात. जाणता माणूस म्हणतात.

पण ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया यायच्या आत मी पॉलिहाऊसमध्ये गेलो. त्या चार हातांतली रोपं एकेक करून उपटली. मुळं पांढरीशुभ्र होती. मेलेल्या रोपांच्या ढिगात ती खाली दडपली आणि नेहमीसारखा पंप चालू केला.