सोहनलालांनी दिल्लीला मागितलेली माफी

पाचोऱ्याच्या बाजारपेठेत सोहनलाल बोथरांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, मोरक्या, सुतळीचे गुंडे, सगळं छताला टांगलेलं. आणि त्या दोरांच्या खाली गादीवर बसलेला हा माणूस असा बोलका, की दावं घ्यायला आलेला शेतकरी बैलाच्या दातांपासून सासुरवाडीच्या भांडणापर्यंत सगळं सांगून जायचा आणि कधीकधी दावं दुकानातच विसरायचा. गिऱ्हाइकाशी ते खानदेशी बोलत, घरात मारवाडी, आणि कचेरीत गेले की पुस्तकी मराठी. तिन्ही भाषांत त्यांना गप्प बसता येत नसे.

अशा माणसाच्या घरात मात्र चार वर्षं शुकशुकाट होता.

झालं असं की त्यांच्या बायकोला, सुगनबाईंना, मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस बाई अंथरुणाला खिळल्या. ताप उतरला, जीव वाचला, पण जाताना तो ताप कान घेऊन गेला. अगदी ठार बहिऱ्या नव्हेत. कानाशी तोंड नेऊन ओरडलं की थोडं पोहोचायचं. पण ओरडून काय काय सांगणार? ‘मीठ कमी आहे’ हे ओरडून सांगता येतं. बाजूचे हसतात, हसू देत. संसारातली खरी बोलणी काही ओरडून करता येत नाहीत. पाचोऱ्याच्या त्या गल्लीत तर भिंतीला भिंत लागलेली. नवराबायकोचं सगळं बोलणं अख्ख्या गावाने ऐकलं असतं.

म्हणून पाटी आली. सुगनबाईंना हिंदी वाचता यायचं, लहानपणी महासतींकडून, म्हणजे जैन साध्वींकडून, शिकल्या होत्या. सोहनलाल पाटीवर लिहीत, ‘चहा’, ‘धुळ्याहून चंद्राचं पत्र’, ‘उद्या उपास’. पाटीवर मावेल तेवढंच बोलणं उरलं. सुगनबाई तोंडाने उत्तर देत, पण आपला आवाज आपल्यालाच कळत नसल्यामुळे कधी फार मोठ्याने, कधी पुटपुटत. लोक दचकतात हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. लग्नाबिग्नाला नाही. धुळ्याला लेकीकडे, चंद्रकांताकडे, नातू झाला तरी बारशापुरत्या गेल्या आणि परत आल्या. पोरगं बोलायला लागेल तेव्हा काय करायचं, ही धास्ती. राहता राहिलं जैन स्थानक. तिथे पुढच्या ओळीत बसत. पण त्यांच्या पंथाचे महाराज लाउडस्पीकर वापरत नसत, तेव्हा दीड तासाचं व्याख्यान म्हणजे सुगनबाईंना महाराजांच्या हाताच्या हालचाली तेवढ्या दिसायच्या.

सोहनलालांना हे सोसत नव्हतं. वरून हसत, आतून झुरत. अशात एका हिंदी मासिकात जाहिरात दिसली. दिल्लीची कंपनी, कानावर घालायचा हेडफोन, रेडिओला जोडा, ‘कम सुननेवालों के लिए विशेष उपयोगी’. सोहनलालांनी त्याच दिवशी पत्र टाकलं.

महिन्याने पोस्टमन झुलाल पुडकं घेऊन दारात उभा. सोहनलाल लगेच दोरा तोडायला लागले.

“शेठ, पहिले पैसा, मंग पुडकं,” झुलालने पुडकं मागे घेतलं. “व्ही.पी. शे. सरकारना नियम शे.”

“अरे, पण आत काय आहे ते न बघता?”

“बठ्ठा तसाच लेतस,” म्हणत झुलालने सगळ्या गावाचा दाखला दिला.

पैसे दिले, पुडकं फोडलं. दोन काळ्या वाट्या, वर पोलादी पट्टी, आणि कापडात गुंडाळलेली वायर. सोहनलालांनी रेडिओच्या पाठीमागच्या जादा स्पीकरच्या भोकांत तिच्या पिना खोचल्या, आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत पिळलं आणि सुगनबाईंच्या डोक्यावरचा पदर सारखा करून त्या दोन वाट्या कानांवर बसवल्या. मग समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

सुगनबाई जरा वेळ स्थिर बसल्या. मग हसल्या.

“येतंय हो,” त्या म्हणाल्या. “थोडं थोडं येतंय. बाई गातेय.”

सोहनलालांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. त्याच आनंदात त्यांनी तो हेडफोन काढून आपल्या कानांना लावला. डाव्या वाटीत काहीच नाही. उजव्या वाटीत तव्यावर मोहरी तडतडावी तसा नुसता तडतडाट. आणि रेडिओवर त्या वेळी बाजारभाव चालू होते.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. नवऱ्याने एवढ्या हौसेने मागवलेलं, त्याचं तोंड पडू नये म्हणून केलेलं ते खोटं होतं. सोहनलालांना राग कंपनीचा आला आणि रडू बायकोचं आलं, पण दुकान उघडं होतं म्हणून ते तसेच दुकानात गेले.

मग सुरू झाली पत्रं. पहिलं पत्र ‘आदरणीय व्यवस्थापक महोदय’ असं, अदबीने. उत्तर नाही. दुसऱ्यात आदरणीय गेलं. त्याला एक छापील कार्ड आलं, की आपलं पत्र पोहोचलं, विचार चालू आहे. दोन महिने त्यांचा विचार चालूच. तिसऱ्या पत्रात सोहनलालांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ‘बहिऱ्या बाईला फसवून खाल्लेलं अन्न तुम्हाला पचणार नाही, तुमच्या मुलाबाळांच्या कानांत तोच तडतडाट होवो,’ इथपर्यंत मजल गेली. पाकीट बंद करण्याआधी ते पत्र गादीवर पडलेलं सुगनबाईंनी वाचलं. काही बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या भाद्रपदात. पर्युषण झाले, संवत्सरीचा उपास झाला. दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन ‘खमत खामणा’ म्हणायचं, वर्षभरात कुणाचं मन दुखवलं असेल तर हात जोडून माफी मागायची, आणि परगावच्यांना छापील कार्डं पाठवायची, ही बोथरांच्या घरची पिढ्यानपिढ्यांची रीत. सोहनलाल कार्डांवर पत्ते घालत होते. सुगनबाई शेजारी बसून मोजत होत्या.

“दिल्लीचं कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

सोहनलालांनी मान वर केली.

“त्या कंपनीचं. ज्यांच्याशी गोड आहोत त्यांना कार्डं पाठवून काय मिळवता? सगळ्यात कडू तर तुम्ही त्यांना लिहिलंत. पोराबाळांना शाप दिलात.”

सोहनलालांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘चोर आहेत ते.’

“असतील. त्यांची चोरी त्यांच्यापाशी. तुमचे शब्द तर तुमचे ना?”

उपास केलेली बाई, आवाज अगदी हळू, आणि म्हणणं सोळा आणे खरं. सोहनलालांनी कार्ड घेतलं, दिल्लीचा पत्ता घातला, आणि बाईंच्या देखत खाली हाताने लिहिलं, ‘माझ्या पत्रांतल्या कठोर शब्दांबद्दल विशेष क्षमा मागतो.’ लिहिताना दात खात होते, पण लिहिलं.

पंधरा दिवसांत झुलाल हजर. “शेठ, दिल्लीनं पत्र उनं. या खेपेला टाइप करेल शे.”

वर्षभर न हललेली कंपनी कार्डाने हलली होती. पत्रात लिहिलं होतं, की आपण आपली चूक उदार मनाने मान्य केलीत याचा आम्हाला आनंद झाला. यावरून हेडफोन सुस्थितीत असल्याचं स्पष्ट होतं. आपली तक्रार निकालात काढण्यात आली आहे. सोबत नव्या मालाची यादी.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दिल्लीतल्या त्या कारकुनाने असलं कार्ड जन्मात पाहिलं नसावं. माल वाईट निघाला म्हणून शिव्या देणारं गिऱ्हाईक त्याला माहीत होतं. शिव्या दिल्या म्हणून माफी मागणारं, आणि तरीही माल वाईटच म्हणणारं, हे त्याच्या फायलीत कुठे बसणार? सोहनलाल तिरमिरीत उठले, दौत-टाक घेतलं आणि चौथं पत्र सुरू केलं. सुगनबाईंनी दिल्लीचं पत्र वाचलं आणि त्या हसायला लागल्या. चार वर्षांत अशा हसल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातला टाक काढून घेतला.

“नाही. खमावलेलं भांडण उकरायचं नाही.”

सोहनलालांनी पाटीवर भलंमोठं लिहिलं, ‘आणि तुझे कान?’

“कान तापाने नेले,” सुगनबाई म्हणाल्या. “दिल्लीवाल्यांनी नाही.”

पत्र थांबलं. पण सोहनलाल हातपाय गाळणाऱ्यांतले नव्हते. कंपनीशी भांडायचं नाही ना, बरं, नाही भांडत. पुढच्या अमावस्येला दुकान बंद ठेवून त्यांनी हेडफोन पिशवीत घातला, बाईंना बळेच उठवलं आणि दोघं पॅसेंजरने जळगावला गेले. स्टेशनाजवळ लीलाधर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा होता. हाताला गुण होता म्हणत.

लीलाधरने वाटीचं झाकण फिरवून काढलं आणि आत बघून हसला. “शेठजी, वायरीचा कथलाचा डाग सुटलाय. दुसऱ्या वाटीत नीट लागलेलाच नाही. कुणीतरी घाईत चिकटवलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाच मिनिटांचं काम.”

आणि खरंच पाच-सात मिनिटांत त्याने काम केलं. टेबलावरच्या मोठ्या रेडिओला पिना लावल्या, बाईंच्या कानांवर वाट्या बसवल्या. गाणं लागलं होतं. सुगनबाईंच्या भुवया वर गेल्या. या वेळी खरोखर ऐकू येत होतं, हे सोहनलालांना न विचारता कळलं. बाईंनी गाणं संपेपर्यंत ऐकलं, ‘छान आहे’ म्हणाल्या आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. जशी एखादी पाहुणीबाई चहाचा कप खाली ठेवते.

सोहनलाल गोंधळले. एवढा खटाटोप, आणि एवढंसंच? लीलाधरही बघत होता. “बाईंना काय ऐकायची आवड आहे? भजनं? बातम्या?”

सोहनलालांनी हे कधी विचारलंच नव्हतं. बहिऱ्या माणसाला रेडिओ ऐकवायचा, हे त्यांनी जाहिरात वाचून परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांनी लीलाधरच्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहिलं, ‘तुला काय ऐकायचं आहे?’

सुगनबाईंनी वाचलं. मग जरा लाजून, परक्या माणसासमोर, म्हणाल्या, “रेडिओचं मला काय? तुम्ही दुकानात दिवसभर बोलता. मी मागच्या खोलीतून बघते. लोक हसतात, तुम्ही हसता. काय बोलता तेवढं ऐकायचं होतं.”

लीलाधरने कात्री घेतली आणि हेडफोनच्या दोन वाट्यांमधली वायर कचकन कापली.

“अरे, अरे,” सोहनलाल उठून उभे राहिले.

“बसा शेठजी. जी वाटी ऐकवते ना, ती ऐकूही शकते. तिच्यात बोललं की तिचा माइक होतो.” असं म्हणत त्याने एका वाटीला लांबलचक वायर जोडली आणि तिची टोकं रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायच्या भोकांत घातली. दुसरी वाटी सुगनबाईंच्या कानावर दिली. पहिली सोहनलालांच्या हातात. “हं. हळूच बोला. ओरडायचं नाही.”

आणि तीन भाषांत गप्प न बसणाऱ्या त्या माणसाला शब्द सुचेना. वाटी तोंडाशी धरून ते नुसते बसले. शेवटी म्हणाले, “चंद्राची आई, पाचोऱ्याची गाडी किती वाजता आहे?”

सुगनबाईंनी वाटी दोन्ही हातांनी कानावर दाबून धरली. डोळे मिटलेले होते.

“ऐकू येतंय का?”

“किती म्हातारा झाला हो तुमचा आवाज,” सुगनबाई म्हणाल्या. “माझ्या मनात अजून तो पहिलाच होता.”

सोहनलालांनी तोंड फिरवून खिडकीकडे केलं. वाटी मात्र सोडली नाही. मग त्यांनी ती ओठांशी आणली आणि अगदी बारीक आवाजात, घरातल्या मारवाडीत बोलले. “तू तापात होतीस ना, एकवीस दिवस, तेव्हा मी फार भ्यालो होतो. फार. दुकानात बसून हसत होतो, पण आत काही उरलं नव्हतं. हे ओरडून कसं सांगू, आणि पाटीवर तरी कसं लिहू, म्हणून राहूनच गेलं.”

लीलाधर उठून उगीचच बाहेर जाऊन उभा राहिला.

सुगनबाईंनी डोळे उघडले. पदराने पुसले. कानावरची वाटी जराही हलवली नाही.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “तरी बोला. गाडी जाऊ दे, तुम्ही बोला.”