बोळक्याची बाजू

आमच्या कारखान्यात कवळ्या बनतात. त्यांना पॉलिश करणाऱ्याला आम्ही 'मासा' म्हणायचो, आणि ते त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. विचित्र प्राणी पकडून झुंजवायचा एक खेळ जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळेच मोबाईलवर खेळायचो. कुणाकडे आग ओकणारा, कुणाकडे वीज पाडणारा. याच्याकडे बोळका! चपटा, चिखलात लोळणारा, तोंडात एकही दात नसलेला मासा. कुठल्याही डबक्यात ढिगानं मिळायचा, म्हणून कुणी पाळायचं नाही.

"चावत नाही, कबूल. पण धरलं की सोडत नाही," डबा तसाच ठेवून तो वाद घालायचा. "समोरच्याला मागे फिरताच येत नाही. मग तुमचा पहिलवान काय कामाचा?"

"अरे, दिवसभर दात घासतोस, एक कवळी बसव की त्याला!" मी म्हणायचो. सगळे खो खो हसायचे. मला तेवढंच हवं असायचं.

तो बोळका त्याला मुलीनं खेळातून भेट दिला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. बायको तिला घेऊन गेली त्याला दोन वर्षं झाली होती. मुलगी बापाचा फोन उचलत नव्हती, पण दर रविवारी सकाळी दहाला खेळात येऊन त्या बोळक्याशी झुंजायची. दहा मिनिटं. बापलेकीत तेवढंच उरलं होतं.

कामावर फोन दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवावे लागत, तेही लॉक न करता. दातांच्या डॉक्टरांचे फोन कुणालाही यायचे आणि मालकीणबाई ते घ्यायच्या. दुसऱ्याच्या फोनला बाकी कुणी हात लावला तर नोकरी गेली, असा त्यांचा नियम. त्या शनिवारी बाई बाहेर होत्या, मासा मशीनवर. मी त्याचा फोन उचलला आणि बोळका सोडून दिला. खेळानं विचारलं, 'नक्की?' नक्की. लगेच डबक्यातला दुसरा पकडून त्याच्या जागी ठेवला. ओळखतोय का बघू, एवढीच गंमत.

भेट सोडली की देणाऱ्याला निरोप जातो, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी त्यानं फोन माझ्यापुढे धरला. दोन वर्षांत मुलीचे पहिले शब्द होते: 'सोडलंस ना शेवटी. मीपण सोडलं.' खेळातल्या मित्रांच्या यादीतूनही तिनं त्याला काढून टाकलं होतं.

"ज्यानं केलं त्यानं तिला एक फोन करावा फक्त," तो म्हणाला. "मी बाईंना सांगणार नाही. माझं तिला पटणार नाही रे."

मला लाज वाटली. पण नोकरीची भीती जास्त वाटली. "तुझाच अंगठा लागला असेल," मी म्हणालो.

त्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. पॉलिशच्या पावडरीनं तो पांढरा झाला होता. "असेल," तो म्हणाला.

आता तो कुणाशी वाद घालत नाही. परवा जेवताना कुणीतरी बोळक्याची टर उडवली आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "धरलं की सोडत नाही तो."

मासा डबा बंद करून मशीनवर गेला.