शेपटीचा चाकू

रोज खिशात एक चाकू असावा, असं मला बेचाळिसाव्या वर्षी वाटायला लागलं. या वयात कोणाला बीपी लागतो, कोणाचे गुडघे धरतात. मला चाकूचं वेड लागलं. वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी कारकून आहे. दिवसभरात कापण्यासारखं म्हणजे फार तर एखादं पाकीट येतं, आणि तेही आमचे शिपाई दातांनी फाडून टेबलावर ठेवतात. गरज म्हणाल तर शून्य. पण वेडाला गरज कुठे लागते?

वेडाचं मूळ सासुरवाडीत होतं. रोहण्याला सासऱ्यांची संत्र्या-मोसंबीची बाग आहे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. मूठ झिजून गुळगुळीत झालेली, पातं दगडावर घासून घासून निम्मं उरलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या एका चाकूने त्यांनी माझ्यादेखत खताच्या पोत्याची शिलाई उसवली, मोसंबी सोलली आणि बागेत हिंडताना माझ्या टाचेत गेलेला काटा अलगद काढून दिला. मी आ वासून बघत होतो. बायको नंतर म्हणाली, "नवरीपेक्षा सासऱ्याकडे जास्त पाहणारा जवाई आमच्या गावात पहिलाच आला असन."

त्यांच्यासारखं आपल्यालाही जमावं म्हणून मी एक चाकू मागवला. त्यात पात्याशिवाय कात्री होती, करवत होती, बाटलीचं झाकण काढायचा आकडा होता आणि माशाचे खवले काढायची पट्टीही होती. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आणि मुख्य पातं इतकं घट्ट, की उघडताना अंगठ्याचं नखच उलटलं. आठवडाभर अंगठ्याला पट्टी. साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, चाकू लागला. तो उघडलाच नव्हता, हे त्यांना सांगितलं नाही.

दुसरा चाकू मी बाजारातून घेतला, खटक्याचा. बटण दाबलं की पातं टक्‌कन बाहेर. ऐट म्हणून तो पँटच्या खिशात घालून आर्वीच्या एसटीत बसलो. पुलगावच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि खिशातल्या खिशात ऐटीने काम केलं. पातं पँट फाडून मांडीशी येऊन थांबलं. मी खिशात हात घालून ते तसंच दाबून धरलं. तेवढ्यात कंडक्टर आला. पैसेही त्याच खिशात.

"तिकीट?"

"देतो जी, जरा थांबा."

"हात काहाडा ना मंग."

"काढता येत नाही."

कंडक्टरने माझ्याकडे, माझ्या खिशाकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. आर्वीपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग पोळ्याच्या आधी मामाजींना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून ते चालत घरी आले, बोलणंही सुटं झालं, पण डावा हात गेला. गेला म्हणजे होता तिथेच, पण कामाचा राहिला नाही.

दिवाळीला आम्ही रोहण्याला गेलो. सासूबाईंनी मोसंब्यांची टोपली पुढे ठेवली. एरवी मामाजींनी लगेच खिशात हात घातला असता. त्या दिवशी म्हणाले, "तुमी खा. माह्ये दात शिवशिवतात." बायको माझ्याकडे बघायला लागली. तिच्या बापाचे दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत आणि ऊस ते अजून दातांनी सोलतात, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी हात धुवायला गोठ्यामागे गेलो. मामाजी तिथे दगडावर एकटेच बसले होते. चाकू दोन गुडघ्यांत दाबून धरलेला, आणि उजव्या हाताचं नख पात्याच्या खाचेत अडकवून ते ओढत होते. चाकू फिरला, निसटला, खाली पडला. त्यांनी तो उचलला, धोतराला पुसला, पुन्हा गुडघ्यांत धरला. तिसऱ्यांदा पडल्यावर तसाच मिटलेला खिशात टाकला आणि समोर बघत बसले. मी आल्या पावली मागे फिरलो. हात तसेच खरकटे.

जेवताना साळ्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, कलमांचा विषय काढला होता. नव्या वाफ्यात जंबेरीची, म्हणजे रानलिंबाची, रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती. त्या रोपाच्या सालीत संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, बसवला की कलम होतं. आजवर हे काम मामाजी स्वतः करत आले. साळा म्हणाला, "औंदा बाहेरचे माणसं बोलावतो, बाबा. दोन दिवसांत मोकळं." मामाजी काही बोलले नव्हते. ते का बोलले नव्हते, हे मला गोठ्यामागे कळलं. ज्याला स्वतःचा चाकू उघडता येत नाही, त्याने काय म्हणून आडवं यायचं?

वर्ध्याला परतलो आणि पहिल्यांदाच माझ्या वेडाला काम मिळालं. एका हाताने उघडेल आणि त्याच हाताने मिटेल, असा चाकू हवा होता. बायकोच्या ओढणीने मी डावा हात कमरेशी बांधला आणि स्वयंपाकघरात बसून दोन्ही चाकू तपासायला घेतले. पहिला अर्थात उघडलाच नाही. खटक्याचा उघडला, पण मिटवायला एका बोटाने कळ दाबून दुसऱ्या हाताने पातं आत ढकलावं लागतं. दुसरा हात बांधलेला. म्हणून पातं मांडीवर टेकवून दाबलं. पायजमा गेला. मांडी वाचली, कारण बायको तेवढ्यात आत आली आणि ओरडली.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"तुझ्या बाबांसाठी करतोय."

"हात कायले बांधला? पयले डोकं बांधा."

पण ओढणी तिनेच सोडली, आणि रात्री आपणहून म्हणाली, "मिळन का असा?"

मिळाला तो केस कापायच्या दुकानात. दाढीला बसलो होतो, तोंडाला फेस. कारागिराने एका हाताने माझी हनुवटी वर केली आणि दुसऱ्या हाताने वस्तरा उघडला. एकाच हाताने! वस्तऱ्याच्या पात्याला मागे एक शेपूट असतं. त्यावर अंगठा दाबला की पातं आपसूक मुठीतून वर येतं. खटका नाही, कळ नाही, नखाची खाच नाही. वीस वर्षं दर आठवड्याला हे माझ्या नाकासमोर होत होतं आणि मी मोबाईलवर जगभरचे चाकू शोधत होतो.

"पुन्हा उघडा!" म्हणत मी ताडकन उठलो. हनुवटीला चीर पडली. कारागीर घाबरला, फिटकरी शोधायला लागला. मी म्हटलं, राहू द्या फिटकरी, आधी पुन्हा उघडून दाखवा. त्याने चार वेळा उघडून मिटून दाखवलं. मिटताना पात्याची पाठ नुसती मांडीवर टेकवायची, पातं आपोआप मुठीत. धारेचा मांडीशी संबंधच येत नाही. बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्या बाकावर सरकली.

आठवडी बाजारात बसणाऱ्या एका लोहाराकडे मी कागदावर चित्र काढून नेलं. माझं चित्र पाहून तो म्हणाला, "चाकूले शेपटी? वांदर हाय का सायेब?"

मी त्याला वस्तरा समजावून सांगितला. तरी त्याला पटेना. "एवढ्या खटाटोपापेक्षा सरळ म्यानातली सुरी घ्या. उघडाचं नाई, मिटाचं नाई."

मुद्दा बिनतोड होता. पण सुरी कमरेला लावून फिरायचं म्हणजे सगळ्यांना दिसणार, की हाताचं असं झाल्यावर हा माणूस खिशातल्या चाकूवरून सुरीवर आला. हे मला लोहाराला नीट सांगता येईना. "माझ्या सासऱ्यांचा एक हात गेलाय," एवढंच म्हणालो.

त्याने भात्यावरचा हात थांबवला. "कलमा करते का थे?"

"करायचे."

"मंग पातं सरळ ठेवतो. वाकडं नाई," तो म्हणाला, आणि पुढे एकही टोमणा मारला नाही. ट्रकच्या जुन्या कमानपट्टीचं पातं, तिवसाच्या चिवट लाकडाची मूठ, आणि पाठीमागे बोटाच्या पेराएवढी शेपटी. पुढच्या बाजारी चाकू तयार होता.

थंडीत डोळे बसवायची वेळ आली तसे आम्ही रोहण्याला गेलो. आणि तिथे मी माझ्या सगळ्या चुकांवर कळस चढवला. चाकू मी चकचकीत कागदात बांधून, सगळं घर चहाला बसलेलं असताना, मामाजींच्या पुढ्यात ठेवला. "मामाजी, तुमच्यासाठी. एका हाताने उघडतो."

मी 'एका हाताने' म्हणालो आणि सगळ्यांचे कप थांबले. त्या घरात दिवाळीपासून हाताचं नाव कोणी काढत नव्हतं.

मामाजींनी पुडकं माझ्याकडे सरकवलं. "जवायाचं घेत नसतात, जवाईबापू. लेक देल्या घरचं पाणीबी पेत नाई आमी." साळा म्हणाला, "आन् चाकू तर बिलकूल नाई. नात्यात भांडण लागते." सासूबाई चहा गाळण्यात गुंतल्या. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मांडीवरचा पायजमा पुन्हा फाटल्यासारखा वाटला.

मी पुडकं खिशात घातलं आणि उठून वाफ्याकडे निघालो. तोंड लपवायलाच म्हणा ना. थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. मामाजी बांधावर येऊन बसले. मी पुडक्यातून चाकू काढला, उघडला आणि एका रोपावर टेकवला.

"काय करून राह्यले?"

"डोळा बसवून बघतो."

"कोणाचा? आना इकडे."

मी चाकू पुढे केला. "हातात नका देऊ. खाली ठेवा," ते म्हणाले. मी मिटून मातीत ठेवला. त्यांनी उचलला, उलटासुलटा केला, शेपटीवर अंगठा ठेवला. पातं हललं नाही. त्यांनी मूठ जराशी आत घेतली, अंगठा शेपटीच्या टोकावर सरकवला आणि दाबलं. पातं वर आलं. त्यांनी ते मांडीवर टेकवून मिटलं. उघडलं. मिटलं. सात-आठ वेळा. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मीही दूर एक बगळा आहे असं समजून तिकडे बघत राहिलो.

"धार नाई याले," ते शेवटी म्हणाले. "लोहाराची धार ऊस तोडाची. दगड आना."

दगड पायाखाली धरून त्यांनी धार लावली, नखावर तपासली आणि रोपाशी बसले. "खोड धरा. घट्ट. गळा नका दाबू त्याचा." मी धरलं. आडवी चीर, मग उभी चीर. साल वहीच्या पानासारखी सुटली. मग मी बांधावरच्या जुडीतली संत्र्याची काडी धरली आणि त्यांनी डोळा काढला. "आता लावा आतमंधी." मी जपून सरकवला, पट्टीने बांधला आणि मोठ्या अभिमानाने बाजूला झालो.

मामाजी वाकून बघत राहिले. "जवाईबापू, संतरे जमिनीच्या आत लागाचे हाय का?"

डोळा मी उलटा बसवला होता.

"सोडा. पुन्हा करा."

संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस रोपं झाली. त्यांतली पाच मी दोनदा केली. साळा येऊन बांधावर उभा राहिला, बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बाबा, त्या माणसायले नाई म्हणतो मंग."

"म्हन," मामाजी म्हणाले. "पण याले उद्या लवकर उठवजो. आठ वाजेपर्यंत झोपते थो."

त्यांनी पातं धोतराला पुसलं, मांडीवर टेकवून मिटलं आणि चाकू आपल्याच खिशात टाकला. मी उरलेल्या पट्ट्या गोळा करत राहिलो.